पुरात खांद्याएवढं पाणी, आणि उपग्रहाच्या नकाशात आमची सोसायटी कोरडी!

समा_सावली · ९ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४२

नारळीभात खाऊन घरातले सगळे आडवे झालेत, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. बरेच महिने हे डोक्यात घोळतंय.

गेल्या वर्षी गोकुळाष्टमीला पावसाने जी धार धरली ती सुटेना, आणि पाठोपाठ बडोद्याची विश्वामित्री नदी आमच्या दिवाणखान्यात. समा भागातलं आमचं तळमजल्याचं घर. आधी ओटल्याच्या पायऱ्या गेल्या, मग लाइट गेले, मग फ्रिज आडवा होऊन तरंगायला लागला. सासूबाईंची गाण्याची पेटी तेवढी पोटाशी धरून वर नेली. अडीच दिवस वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काढले. भिंतीवर पाण्याची रेघ अजून तशीच आहे. दिवाळीत रंगारी आला, पण सासऱ्यांनी ती भिंत रंगवू दिली नाही. रेघ माझ्या खांद्याला लागते.

आता मुद्दा. पुरानंतर ग्रुपवर एक नकाशा फिरत होता, उपग्रहाच्या रडारवरून बनवलेला, पाणी तिथे निळा रंग. पादरा, करजणकडची शेतं निळी. ठीक. हरणीच्या विमानतळाची धावपट्टीसुद्धा निळी! आणि आमची सोसायटी? पांढरी. कोरडी ठणठणीत. विम्यासाठी जो माणूस पाहणीला आला त्याने तोच नकाशा मोबाइलवर काढून दाखवला, वर म्हणतो, “यात तर इथे पाणी नाहीये.” सासरे त्याला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेले. नंतर दोन दिवस जेवताना एकच वाक्य, “म्हणजे आपण खोटं बोलतोय?”

विम्याचं पुढे काय झालं तो वेगळा धागा होईल. मला विचारायचंय ते एवढंच: आकाशातून एवढं बघणारं यंत्र खांद्याएवढं पाणी कसं चुकवतं? आणि चुकवत असेल तर या नकाशांवर किती विसंबायचं?

---

मगरमित्र · ९ ऑगस्ट, रात्री ११:०५

विमानतळ बुडाला आणि समा कोरडा. म्हणजे विमानाने उतरून होडीने टर्मिनलला जायचं आणि तिथून चालत तुमच्या घरी, असा बेत होता वाटतं.

गंमत सोडा, ताई. त्या दिवसांत आम्ही मगरींच्या कॉलवर फिरत होतो. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात-आठ फुटी मगर स्कूटरच्या शेजारी पहुडलेली. तिला कोणी नकाशा दाखवला नव्हता, पण पाणी कुठपर्यंत आहे ते तिला बरोबर कळलं होतं.

---

रेखांश_७३ · १० ऑगस्ट, सकाळी ८:३०

पोटापाण्यासाठी याच क्षेत्रात आहे (आठवडाभर अहमदाबाद, शनिवार-रविवार बडोदा), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रडार म्हणजे कॅमेरा नाही. उपग्रह स्वतः तिरक्या कोनातून सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि किती परत आल्या ते मोजतो. शेतात ढेकळं असतात, पिकं असतात, त्यावर लहर आपटते, इकडेतिकडे उडते, थोडी परत येते. शेतात पाणी साचलं की पृष्ठभाग आरशासारखा होतो. तिरकी आलेली लहर पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे काहीच येत नाही. चित्रात तो भाग काळा. संगणकाला सांगितलेलं असतं, की काळं ते पाणी. पादऱ्याची शेतं म्हणून बरोबर पकडली गेली.

धावपट्टीही गुळगुळीत. तीही काळी, पाऊस असो वा नसो. कोणीतरी नकाशा करताना कोरड्या दिवसाचं चित्र शेजारी ठेवून कायमच्या काळ्या जागा वगळल्या नाहीत. हा निव्वळ आळस.

आता तुमची सोसायटी. अंगणात भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चेंडू मारून बघा. फरशीवर टप्पा, मग भिंतीवर, आणि सरळ तुमच्याकडे परत. गल्लीत पाणी भरलं की तेच होतं. लहर पाण्यावर आपटते, तिथून घराच्या भिंतीवर, तिथून थेट उपग्रहाकडे. म्हणजे शहरातलं पाणी काळं दिसण्याऐवजी नेहमीपेक्षा उजळ दिसू शकतं! ‘काळं ते पाणी’ असं शिकवलेल्या संगणकाने तुम्हाला कोरडं ठरवलं. शिवाय इमारतींच्या सावलीत अरुंद गल्ल्या झाकल्या जातात, त्या दिसतच नाहीत.

यावर उपाय आहेत. पुराआधीची दोन चित्रं आणि पुरातलं एक घेतात. शहर जागचं हलत नाही, त्यामुळे दोन कोरड्या दिवसांच्या लहरी एकमेकींशी छान जुळतात. पाणी शिरलं की ती जुळणी मोडते. जिथे अचानक मोडली तिथे संशय घ्यायचा. पण हे काम वेळखाऊ, आणि ग्रुपवर फिरणारे नकाशे बहुधा पहिल्या दिवशी घाईने केलेले असतात.

त्या विमावाल्याने एक गोष्ट उलटी धरली. या नकाशात निळं असेल तर पाणी असण्याचा संभव मोठा. पांढरं म्हणजे पाणी नव्हतं असं नाही. पांढरं म्हणजे “मला दिसलं नाही.”

---

समा_सावली · १० ऑगस्ट, सकाळी ९:१२

चेंडूचं उदाहरण सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “हे त्या माणसाला कोण सांगणार?”

साधा फोटो का नाही काढत मग? गूगलवर तर आमच्या गच्चीवरची टाकीसुद्धा दिसते.

---

रेखांश_७३ · १० ऑगस्ट, सकाळी १०:०१

ढग, ताई. पुराच्या दिवशी आकाश उघडं असतं तर पूर कशाला आला असता? गूगलवरचं चित्र उन्हाळ्यातल्या किंवा हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ दिवसाचं असतं, कधी विमानातून घेतलेलंही. रडारला ढग आणि रात्र दोन्ही आड येत नाहीत, म्हणून पुरात तेच कामाचं.

दुसरी अडचण वेळेची. युरोपचा सेंटिनेल-१ सगळ्या जगाला चित्रं फुकट देतो. त्याचे दोन उपग्रह होते, त्यातला एक डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला. एकटा उरलेला त्याच मार्गावर बारा दिवसांनी परत यायचा. नवा भिडू डिसेंबर २०२४ मध्ये गेला, म्हणजे आपला पूर बरोबर मधल्या काळातला. आपला ईओएस-०४ ही रडारवाला आहे, पण कुठलाही घेतला तरी पाण्याचा माथा आणि उपग्रहाची फेरी एका वेळी जुळणं हा योग. पाणी रात्री चढतं, उतरतं, आणि चित्र दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं.

३० जुलैला श्रीहरिकोट्याहून निसार गेला ते बातम्यांत पाहिलं असेल. इस्रो आणि नासाचं एकत्र काम. त्याची एक लहर साधारण २४ सेंटिमीटर लांबीची, ती झाडांच्या पानांमधून खाली उतरते. झाडीखालचं पाणी, म्हणजे आपल्या विश्वामित्रीच्या कोतरांतलं (काठच्या घळींतलं), त्याला जास्त चांगलं दिसायला हवं. बारा दिवसांची फेरी मात्र त्यालाही चुकलेली नाही.

---

खंडेराव_मार्केट · १० ऑगस्ट, दुपारी १:४०

सगळं वाचलं. माझा सरळ प्रश्न. एवढे उपग्रह उडवून आम्हाला काय मिळालं? पाणी यायचं ते आलं. कोणी आदल्या रात्री दार वाजवून सांगितलं का, की बाबा, गाडी वर लाव? माझं दुकान गेलं. पोत्यातली डाळ आठ दिवस वास मारत होती. मला आकाशातलं शास्त्र नको, गल्लीतलं हवं.

---

रेखांश_७३ · १० ऑगस्ट, दुपारी २:२५

राग रास्त आहे, दादा. पण एकच गोष्ट आठवा. जून १९९८ मध्ये कांडल्याला वादळ आलं तेव्हा हजारावर माणसं गेली, त्यात मिठागरांतले मजूर कितीतरी. जून २०२३ मध्ये बिपरजॉय जखौजवळ आदळलं. त्याआधी लाखभर लोक किनाऱ्यावरून हलवले होते, आणि जीवितहानी बोटांवर मोजण्याइतकी. ३६,००० किलोमीटरवर पृथ्वीच्याच वेगाने फिरणारा उपग्रह दर अर्ध्या तासाला वादळाचा डोळा दाखवत होता, त्याशिवाय एवढे दिवस आधी लोक हलवता आले नसते.

वादळ शेकडो किलोमीटरचं असतं, ते वरून दिसतं. तुमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर पाणी चढेल की नाही हा प्रश्न एका वितीचा आहे. दोन्हीला एकच यंत्र पुरणार नाही.

---

निवृत्त_साखळी · १० ऑगस्ट, सायंकाळी ६:१८

‘एका वितीचा प्रश्न’ हे वाचून राहवलं नाही. माझी अडतीस वर्षं जमिनीची उंची मोजायचं लेव्हलचं यंत्र आणि स्टाफ (खुणांची उभी पट्टी) घेऊन उन्हात गेली. आता डोळे गेले, नातू टाइप करतो आहे.

दर पावसाळ्यात आपल्याकडे सगळे म्हणतात, आजवा तलाव दोनशे अकरावर, दोनशे बारावर. नव्या सुनेला वाटतं, तलाव दोनशे फूट खोल! तो आकडा खोलीचा नव्हे, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा. २११ फूट म्हणजे चौसष्ट मीटर. शहर आहे पस्तीस-छत्तीस मीटरवर. मधलं अंतर वीसएक किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे दीड मीटर उतार. सयाजीराव महाराजांच्या काळात आजवा बांधला तेव्हा शहरात पाणी आणलं ते याच उतारावरून, पंपाशिवाय. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या जमिनीवर हा उतार त्या लोकांनी पितळी लेव्हल आणि लाकडी स्टाफने शोधला. दर शंभर-दोनशे पावलांवर यंत्र लावायचं, मागचं वाचायचं, पुढचं वाचायचं, वहीत उतरवायचं. संध्याकाळी निघालो त्या दगडावर परत येऊन हिशेब जुळवायचा. जुळला नाही तर उद्या पुन्हा.

विश्वामित्रीवरच्या काळाघोड्याच्या पुलावरचा ‘छब्बीस फूट’ हा आकडा मात्र वेगळा. तो तिथल्या, नदीचं पाणी मोजायच्या पट्टीचा. आजव्याच्या आकड्यातून तो वजा करू नये. सुशिक्षित माणसं करताना पाहिली आहेत.

रेखांश यांना विचारतो: तुमच्या उपग्रहाची उंची किती अचूक? मीटरमध्ये की विटांमध्ये?

---

रेखांश_७३ · १० ऑगस्ट, रात्री ९:५०

काका, नमस्कार. तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

जगभर फुकट मिळणारा उंचीचा सगळ्यात प्रसिद्ध नकाशा फेब्रुवारी २००० चा. एन्डेव्हर यान अकरा दिवस फिरलं, सोबत साठ मीटरचा दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाला दुसरा अँटेना. दोन डोळ्यांनी खोली कळते तसं. अकरा दिवसांत जगाची बहुतेक वस्ती असलेली जमीन मोजून झाली. चमत्कारच. पण एक चौकट तीस मीटर बाय तीस मीटरची, आणि चूक काही मीटरची. तुमचा उतार किलोमीटरला दीड मीटर! म्हणजे नुसत्या चुकीतच तीन-चार किलोमीटरचा उतार गडप. वर तो माप घेतो छपरांचं आणि झाडांच्या शेंड्यांचं. आमराई असेल तर तिथे टेकडी दिसते.

समा_सावली, तुमची आख्खी सोसायटी चार-पाच चौकटींत बसते. ठिकाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तर आकडे सांगतो.

---

इयत्ता_दहावी_ब · ११ ऑगस्ट, दुपारी ४:०३

मी नवीन आहे. माझ्या फोनमधल्या जीपीएस ॲपवर आमच्या घराची उंची उणे २१ मीटर येते. म्हणजे बडोदा समुद्राच्या खाली आहे का?? वर्गात सांगितलं तर सगळे हसले.

---

निवृत्त_साखळी · ११ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

हसू देत. फोन बरोबर आहे आणि तू विचारलंस तेही बरोबर.

आमच्या काळी समुद्रसपाटी म्हणजे बंदरांतल्या भरती-ओहोटीची वर्षानुवर्षांची सरासरी. १९०९ मध्ये देशाचं मूळ ठरवलं ते मुंबईसह नऊ बंदरांवरून. फोनची समुद्रसपाटी कुठली ते रेखांश सांगतील.

---

रेखांश_७३ · ११ ऑगस्ट, सायंकाळी ७:१५

जीपीएसला समुद्र ठाऊकच नसतो. तो पृथ्वीऐवजी एक गुळगुळीत, ध्रुवांना चपटं गणिती अंडं धरतो आणि त्याच्यापासून उंची मोजतो. खरा समुद्र असा गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात कुठे वस्तुमान जास्त, कुठे कमी, त्याप्रमाणे गुरुत्व बदलतं आणि पाणी कुठे फुगतं, कुठे खचतं. जगातला सगळ्यात मोठा खड्डा आपल्याच अंगणात आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचं पाणी त्या अंड्याच्या शंभराहून जास्त मीटर खाली बसलेलं आहे. जहाज त्यावरून जातं, खलाशाला पत्ता लागत नाही, कारण ‘सपाट’ म्हणजे काय ते गुरुत्वच ठरवतं.

त्या खड्ड्याचा उतार पार आपल्यापर्यंत येतो. बडोद्याला खरी समुद्रसपाटी अंड्याच्या पन्नास-साठ मीटर खाली. त्यामुळे समुद्रापासून पस्तीस मीटर वर असलेलं तुझं घर अंड्यापासून उणे वीस-बावीस. तुझं ॲप मधली वजाबाकी करत नाही, एवढंच. सरांना हे सांग.

अवांतर: गुरुत्वावरून जमिनीतलं पाणीसुद्धा मोजतात. २००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग सोडले, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. पुढचा एखाद्या जड भागावर आला की किंचित ओढला जातो आणि अंतर बदलतं, तो बदल केसाच्या जाडीहून बारीक मोजायचा. त्यावरून २००९ मध्ये निघालं की २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणाच्या पोटातलं १०९ घन किलोमीटर पाणी उपसलं गेलं. एकाही विहिरीत दोरी न सोडता.

---

पादऱ्याचा_जावई · ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

दोरी न सोडता मोजलं हे भारीच. आमच्या सासुरवाडीला बोअर दरवर्षी खोल न्यावी लागते, ते कळायला उपग्रह लागत नाही म्हणा.

पण माझा प्रश्न शेताच्या हद्दीचा आहे. सातबारवर क्षेत्र बरोबर. नव्या मोजणीचा नकाशा मात्र उपग्रहाच्या चित्रावर ठेवला की आमचा बांध शेजाऱ्याच्या तुरीत. सासरे आणि शेजारी तीन पिढ्यांचे मित्र, आता चहाला बोलावणं बंद. कुठल्या खात्याला दोष देत नाही, पण हे होतं कसं?

---

कोठीवाली · १२ ऑगस्ट, सकाळी ११:४५

पादऱ्याचे जावई, तुमच्या शेताचं माहीत नाही, पण असाच घोटाळा माझ्याकडून झाला होता, तो सांगते.

वडिलांच्या कपाटात ‘४६ एफ/३’ असं लिहिलेला जुना पत्रक-नकाशा निघाला. बडोद्याचा, काळी-तपकिरी बारीक रेघांची कलाकारी. नदीच्या दोन्ही काठांची कोतरं केसांसारख्या रेघांनी काढलेली. स्कॅन केला, कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश भरले, उपग्रहाच्या चित्रावर चढवला. सगळं शहर सरकलेलं! सुरसागर तलाव अर्धा रस्त्यावर. वाटलं, जुन्या लोकांनी चुकीचं काढलंय.

चूक माझी होती. तो नकाशा दुसऱ्याच अंड्यावर काढलेला. लॅम्बटन नावाच्या इंग्रज मोजणी-अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासहून देशाची त्रिकोणांनी मोजणी सुरू केली. १८२३ मध्ये तो वाटेत वारला, आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला, कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम चालवलं, मध्य प्रदेशात सिरोंजला मोजणीची पायारेषा मोजली, आणि शेजारचं कल्याणपूर हे सगळ्या देशाच्या नकाशांचं मूळ ठरलं. ते अंडं हिंदुस्थानच्या जमिनीला चपखल बसेल असं निवडलेलं, जीपीएसचं अंडं साऱ्या जगाला बसेल असं. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे. बडोद्यात तो फरक शंभरएक मीटरचा पडतो. सॉफ्टवेअरला ‘हा एव्हरेस्टचा’ असं सांगितल्यावर सुरसागर आपल्या जागी जाऊन बसला.

दुर्बीण, साखळ्या आणि ताडाएवढे मनोरे, एवढ्यावर केलेलं काम उपग्रहाशी जुळतं हे पाहून मी बराच वेळ नुसती बघत बसले.

आणि मग समाचा भाग पाहिला. समा_सावली, तुम्ही त्या पुलापलीकडच्या म्हणताय ना? तिथे जुन्या नकाशात नदीचा एक सोडलेला वळसा आहे आणि त्याच्या पोटात तलावडी. आज तिथे घरं आहेत.

---

समा_सावली · १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

सासऱ्यांनी स्क्रीनशॉट चष्मा पुसून पाहिला. १९८९ मध्ये प्लॉट घेतला तेव्हा दलाल म्हणाला होता, “उंचावरची जागा आहे.” तेव्हा पावसाळ्यात तिथे म्हशी डुंबायच्या हे त्यांना आज आठवलं.

---

रेखांश_७३ · १२ ऑगस्ट, रात्री ८:४०

कोठीवाली, सुरेख. त्यात भर: अमेरिकेचे लँडसॅट १९७२ पासून पृथ्वीची चित्रं काढताहेत आणि २००८ पासून तो सगळा साठा फुकट आहे. मी आत्ता ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं एक चित्र काढलं. एक ठिपका तीस मीटरचा, त्यामुळे घर दिसणार नाही, पण पावसाळ्यानंतरच्या चित्रात तिथे ओलीचा कोयरीसारखा आकार स्पष्ट आहे. पुढच्या प्रत्येक दशकात त्यावर करडा रंग चढत जातो.

समा_सावली, तुमचे उंचीचे आकडे: ३६, ३६, ३७, ४१. एक्केचाळीस कुठून आला ते कळेना.

---

समा_सावली · १२ ऑगस्ट, रात्री ९:०२

कडुलिंब आहे आमच्याकडे. प्रचंड.

---

निवृत्त_साखळी · १३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

रात्रभर विचार केला. पोरांनो, तुम्ही अवघड बाजूने चढताय.

गवंडी जोतं समपातळीत आणायला काय करतो? पारदर्शक नळीत पाणी भरतो, दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरतो. पाणसळ म्हणतो आम्ही. साचलेलं पाणी लबाडी करत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये सबंध समाची पाणसळ नदीने स्वतः करून दिली आहे! माथ्याला पोचलं तेव्हा एका सोसायटीतलं पाणी सगळीकडे एकाच पातळीला होतं. नदीला वरून खाली उतार असतो, वाहत्या पाण्यात थोडं वरखाली होतं, पण दोन-तीनशे मीटरच्या आत फरक बोटा-दोन बोटांचा. म्हणजे प्रत्येक भिंतीवरची रेघ ही एकच रेषा आहे.

रेघेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. जिथे माप मोठं, तिथली जमीन तेवढी खाली. यंत्र नको, उपग्रह नको. कोणाचा उंबरा कोणाच्या उंबऱ्यापेक्षा किती विती खाली ते एका रविवारात निघेल. पुढच्या खेपेला ‘काळाघोडा इतका’ अशी बातमी आली की कोणाच्या पायरीला पाणी आधी लागणार ते कागदावर असेल.

फक्त घाई करा. लोक गणपतीआधी घर रंगवायला काढतात.

---

खंडेराव_मार्केट · १३ ऑगस्ट, सकाळी ७:५५

हे! हे गल्लीतलं शास्त्र. काका, दुकानाची रेघ मी स्वतः ब्रश मारून पुसली हो.

---

रेखांश_७३ · १३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

काका, दंडवत. यात माझंही काम आहे. तुमची मापं आली की त्यांच्या आधाराने रडारची जुनी चित्रं पुन्हा तपासता येतील. इथे नक्की खांद्याएवढं पाणी होतं हे माहीत असलं की इथल्यासारखी उजळी आणखी कुठे दिसते ते शोधायचं. तिथेही ‘कोरडे’ ठरलेले लोक असणार.

२०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायचं काम झालं, त्यामुळे काळाघोड्याचा आकडा आणि आपली पातळी यांचं जुनं गणित तसंच राहील असं धरू नका. रेषा मात्र जमिनीची आहे, ती बदलत नाही.

---

मगरमित्र · १३ ऑगस्ट, सकाळी ९:००

टेप माझ्याकडे दोन आहेत, तीस मीटरच्या. मगरी मोजायला घेतल्या होत्या, अजून एकीनेही सहकार्य केलेलं नाही.

---

समा_सावली · २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

झालं! आज सकाळी सातपासून. मगरमित्र, कोठीवाली आणि ‘दहावी ब’ आले होते (तो एकटाच सगळ्या वजाबाक्या तोंडी करत होता). निवृत्त साखळी काका खुर्ची टाकून आमच्या ओटल्यावर बसले, प्रत्येक माप मोठ्याने दोनदा म्हणायला लावलं. नातवाच्या वहीवर त्यांनी वर लिहायला सांगितलं, “मूळ खूण: तळमजला, न रंगवलेली भिंत.” सासरे त्या भिंतीपाशी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून उभे.

चोवीस घरं. अठरा ठिकाणी रेघ सापडली: मीटरच्या पेटीवर, जिन्याखाली, देव्हाऱ्याच्या मागे, एका ठिकाणी कॅलेंडरच्या पाठीवर. आमच्या फाटकापाशी रस्त्यावर १ मीटर ६८. मागच्या रांगेत, जिथे तो सोडलेला वळसा होता, २ मीटर ९ सेंटिमीटर. पुढच्या कोपऱ्यावर, मंदिरापाशी, ९४ सेंटिमीटर. एकाच सोसायटीत १ मीटर १५ सेंटिमीटरचा फरक, आणि नकाशात छत्तीस, छत्तीस, सदतीस. कडुलिंबाखाली १ मीटर ७१, रेखांश. तुमची टेकडी आमच्या फाटकाहून खाली आहे.

बारा नंबरचं आणि सोळाचं माप एकमेकांशी जुळत नाही, पाच सेंटिमीटरचा फरक. काकांनी जेवायला नकार दिला, पुन्हा मोजा म्हणाले. बाराच्या लोकांनी मध्ये फरशी बदलली होती, तेवढाच फरक निघाला. मग जेवले.

सहा घरं राहिली. त्यातली पाच रंगवून झालीत. चौदा नंबरच्या काकू म्हणतात, आतल्या खोलीत शिसवी कपाटामागे रंगारी पोचला नव्हता, रेघ असणार. कपाट हलवायला चार माणसं लागतील आणि त्यांच्याकडे बुधवारी गणपती बसतोय. मंगळवारी संध्याकाळी कोणाला जमेल?

---

खंडेराव_मार्केट · २४ ऑगस्ट, रात्री १०:३१

मी येतो. दोन पोरं आणतो दुकानातली.